दोन लिटरची आंघोळ

“घ्या वास,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी कठड्यावरून हात पुढे केला.

शेजारच्या बोटीवरच्या मिस्त्रीने रंधा खाली ठेवला, वाकून लांब श्वास घेतला. “साबण,” तो म्हणाला.

“आणि? दमटपणाचा? डिझेलचा?”

“बाई, तीस वर्षं पॉलिशच्या वासात काढलीत मी. माझ्या नाकावर कसला भरवसा ठेवताय?”

बाईंना हसू फुटलं, तरी त्यांनी हात पुन्हा एकदा स्वतःच्या नाकाशी नेला. दहा वाजता त्यांची लेक येणार होती.

शिडाच्या या बोटीवर बाई एकट्या राहायला आल्या, त्याला दीड वर्ष झालं होतं. शॉवरचा पंप पहिल्याच महिन्यात जळाला. तेव्हा लेक फोनवर कडाडली होती, “आंघोळीचीसुद्धा धड सोय नाही तिथे! असंच चालणार असेल ना, तर मी तुला उचलून घरी आणीन.” बोलली की करणारी मुलगी ती. आणि गेले दोन महिने, घरी येऊ का विचारलं की तिचं एकच उत्तर, “आत्ता नको, रंगकाम चाललंय.” कुठल्या खोलीचं, हे बाईंनी विचारलं नव्हतं. नव्या रंगाच्या त्या खोलीत आपली खाट पडलेली त्यांना डोळ्यांसमोर दिसायची.

परवा निरोप आला, ‘रविवारी येते. आंघोळीचं कसं जमवतेस ते मला नीट बघायचंय.’

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत उभी हयात नोकरी केलेली बाई परीक्षेला घाबरणार थोडीच! दोन दिवस त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. फळ्या घासल्या, गाद्यांना ऊन दाखवलं, टॉवेल दोनदा धुतले.

बरोबर दहाला धक्क्याच्या फळ्या वाजल्या.

लेकीचा शर्ट कडक इस्त्रीचा होता. केस तेल लावून चप्प बसवलेले. लहानपणी तेलाची बाटली दिसली की घरभर पळायची ही! अत्तराचा घमघमाट मिस्त्रीपर्यंत पोचला असावा, कारण तो शिंकला. बाई हात पसरून पुढे झाल्या.

“थांब गं आई, प्रवासातून आलेय, घामेजलेय नुसती,” म्हणत ती पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसली.

लांबूनच अंदाज घेतेय, बाईंनी ओळखलं.

लेकीने पिशवीतून वही काढली. “हं. दाखव.”

झाडांवर औषध मारायचे दोन लिटरचे हातपंप, नवेच घेतलेले, एक गोड्या पाण्याचा, एक खाऱ्या पाण्याचा. दोन्ही अर्धेच काळे रंगवलेले. डबीतला रंग तेवढाच पुरला होता.

“काळी बाजू उन्हाकडे करायची. अकरापर्यंत पाणी छान कोमट होतं.”

“आणि वारा असला तर?”

“मग काचेच्या आत ठेवायचा. ऊन आत येतं, वारा येत नाही. उलट लवकर तापतो.”

लेकीने ते लिहून त्याखाली रेघ ओढली. बाईंना चेव चढला. त्यांनी सगळा प्रयोग कृतीसह मांडला. आधी अंग फक्त ओलं करायचं, मग पंप बंद. साबण लावून झाला की वरून खाली धुवत यायचं. समुद्राचं पाणी वापरलं तर शेवटी अर्धा लिटर तरी गोडं हवंच, नाहीतर अंगावरचं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि दिवसभर चिकचिकतं. टॉवेलआधी हातानेच पाणी निपटायचं, म्हणजे टॉवेल कुबट होत नाही.

“समजा, उभं राहायला जागाच नाही. बसूनच करायची झाली तर?”

“इथे जागा आहे की! माझं डोकं छताला लागत नाही.”

“समजा म्हटलं ना.”

म्हातारपणाचा विचार करतेय. बाई सावध झाल्या. “बसून असेल तर ओला कपडा. एक मग पाणी पुरतं. आधी चेहरा, मान, मग काखा, पाय शेवटी. कपडा दर वेळी नव्या घडीवर उलटायचा. चार दिवस असं केलं तरी माणूस चारचौघांत बसू शकतं.”

“ऑफिसमध्येसुद्धा?”

“अगदी साहेबाशेजारी!”

लेक पहिल्यांदाच हसली. “आणि केस?”

“एका मगात चार थेंब शाम्पू, दुसऱ्या मगात नुसतं पाणी. तेल लावून लपवायचं नाही, धूळ बसते.”

लेकीने तेवढं मात्र लिहून घेतलं नाही. वही मिटून ती म्हणाली, “आई, तुझं मस्त चाललंय इथे. राहा आरामात.”

“म्हणजे? तू मला नेणार नाहीस?”

“कुठे नेऊ?” ती उठली. “एक पंप मला देशील?”

“तुला कशाला गं?”

“गॅलरीतल्या झाडांना.”

बाईंनी गोड्या पाण्याचा पंप भरूनच तिच्या हातात दिला. ती वळणापलीकडे गेली आणि बाई ओरडल्या, “मिस्त्री, पास झाले!”

“पहिल्या नंबराने ना?”

“तर काय!”

मग त्यांना दोरीवर वाळत टाकलेली पंपाची तोटी दिसली. तोटीशिवाय काय कपाळ झाडांना पाणी घालणार? चपलासुद्धा न घालता बाई धक्क्यावरून पळत सुटल्या. या वयात, हसत हसत.

लेकीची गाडी पार भिंतीकडेला उभी होती. मागच्या सीटवर उशी होती, चौकोनी घडी घातलेलं पांघरूण होतं, वरच्या दांडीला हँगरवर चार इस्त्रीचे शर्ट लटकत होते आणि पुढे, कप ठेवायच्या खाचेत, एका ग्लासात दात घासायचा ब्रश उभा होता.

लेक पाठमोरी होती. मागच्या काचेच्या आत ती पंप ठेवत होती, काळी बाजू उन्हाकडे करून.