पिवळ्या पानांची वांगी

"ही रोगट वांगी उपटा. मंत्री आल्यावर नाचक्की नको," भाजीपाला संशोधन केंद्राच्या प्रमुखांनी फर्मावलं आणि पिवळ्या पानांचा वाफा तासाभरात रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी संशोधक विशाखा दहातोंडे रजेवरून परतली, ती थेट वाफ्यावर आली. हरितद्रव्य कमी असूनही फळं धरणारं ते पिवळं वाण तिने सहा वर्षं जपलं होतं. बी काढायला आठवडाच उरला होता.

"पाटी लावली होती, सर! कुणी वाचलीसुद्धा नाही?" तिला बोलवायला आलेल्या प्रमुखांना तिने विचारलं.

"पुन्हा लावा, मॅडम. आता हसतमुखाने मंडपात चला, मंत्री आलेत."

उकिरड्यावरची सुकलेली रोपं मातीसकट उचलून तिने मंत्र्यांसमोर टेबलावर ठेवली.

"साहेब, या केंद्रात दाखवण्यासारखं एवढंच होतं. तुम्ही येणार म्हणून तेही उपटून टाकलं."