सगळ्यांच्या पुढे

"दादा, बाकीचे सगळे कुठे राहिले रे?"

'सगळ्यांसमोर विचारून दाखव' म्हणून मैत्रिणींनी डिवचलं होतं, आणि मुतेसी कसली मागे हटते! अख्ख्या रवांडाला फेरी घालणारी सायकल शर्यत आज त्यांच्या गावातून जाणार होती आणि तिचा भाऊ रुकुंदो सगळ्यांच्या पुढे, एकटाच, घराच्या दारात येऊन थांबला होता. ढोल घुमत होते, आई त्याला सोडत नव्हती. बाबा केळ्याच्या बिअरचा मग नाचवत होते, "घे रे घोटभर, आता जिंकलासच!"

रुकुंदो मुतेसीच्या कानाशी वाकला. "शर्यतीतला रिवाज आहे गं. ज्याचं गाव येतं, त्याला घरच्यांना भेटायला पुढे सोडतात. पण ज्याच्या जिंकण्याची कुणालाच भीती नाही, त्यालाच."

लांबून शिट्ट्या ऐकू आल्या तसा तो घाईने सायकलवर बसून निघाला. संध्याकाळी निकाल खणखणीत ऐकू यावा म्हणून बाबांनी रेडिओचे सेल उन्हात तापायला ठेवले.

 

ते सेल उचलून मुठीत घट्ट धरत मुतेसी म्हणाली, "आई, बाबा, आज रेडिओ मी एकटीच ऐकणार. निकाल तुम्हाला मीच येऊन सांगेन."