खाटेभोवतीची माणसं

आता आपलं काही खरं नाही, हे लंकाबाईने ओळखलं. खाटेभोवती परकी माणसं कडं करून उभी होती. इतकी गर्दी तिने याआधी एकदाच पाहिली होती, सासऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं तेव्हा.

मिशनच्या दवाखान्यात तिच्या छातीतला पू काढला होता. ताप उतरला, भाकरी गोड लागू लागली. आता सोनईला घरी जायचं, म्हणून नवरा कारभारी गाडी जुंपून आला होता. आणि नेमके आज हे पुण्याचे डॉक्टरकीचे विद्यार्थी उगवले. एकेक जण पुढे यायचा, तिच्या पाठीला नळी लावायचा, "एक-दोन-तीन म्हणा," म्हणायचा आणि तोंड पाडून मागे सरायचा. एकही जण तिच्या नजरेला नजर देईना.

त्यांना शिकवणारे डॉक्टर डेव्हिड साळवे पायथ्याशी उभे होते. पहिल्या वर्षाच्या पोरांना रोग्याजवळ कशाला न्यायचं, म्हणून वरिष्ठांनी नाकं मुरडली होती. तरी ते घेऊन आलेच.

"काय ऐकलंत, ते आता या बाईंना सांगा," ते म्हणाले. "त्यांना कळेल अशा मराठीत."

इंग्रजीत घडाघडा बोलणारी ती हुशार मंडळी मिठाची गुळणी धरून उभी राहिली.

लंकाबाईला तेवढं पुरे झालं. तिने कारभारीचा हात घट्ट धरला.

"दुसरी बायकू करा, माझं काय म्हननं न्हाई. पन धाकट्या पोरीला तिच्या हाती देऊ नगा. माझ्या भनीकडं नेवाशाला ठिवा."

कारभारी हुंदके द्यायला लागला. तेव्हा कुठे योहान नावाचा एक विद्यार्थी चाचरत पुढे झाला.

"सर, पुस्तकातला आजाराचा एकही आवाज मला ऐकू आला नाही. माझंच चुकलं असेल."

"चुकलं नाही. या सगळ्यांनाही तेच ऐकू आलंय, फक्त बोलायची छाती नाही." साळवे लंकाबाईकडे वळले. "बाई, तुम्ही ठणठणीत आहात. आजच घरी जा."

तिला ते खरं वाटेना.

"मंग येवढी मानसं कशापायी गोळा झाली वो?"

"यांनी पुस्तकं पाठ केलीत, मुडदे फाडलेत," साळवे म्हणाले. "बरं झालेलं माणूस ते आज पहिल्यांदा बघतायत."