कर्मचारी कल्याण

टिश्यूच्या खोक्यातला पहिला कागद मी नेहमी अर्धा बाहेर ओढून ठेवते. तो पूर्ण आत असला तर माणसं डोळे हातानेच पुसतात आणि सावरतात.

मानसशास्त्रात एम.ए. करताना वाटलं होतं, स्वतःचा दवाखाना काढेन. आता मी एका कारखान्यात कर्मचारी कल्याण अधिकारी आहे. कंपनीने कामावरून काढलं तर भरपाई द्यावी लागते. माणसाने स्वतः राजीनामा दिला तर नाही. साहेब मला फक्त नावांची यादी देतात.

आज पॅकिंगमधल्या लीलाताई बोऱ्हाडे समोर होत्या. एकोणीस वर्षांची नोकरी.

"यजमान कसे आहेत?" मी विचारलं.

"अंथरुणावरच. कूस बदलायलाही माणूस लागतो. शेजारीण बघते, पण तीही आता कुरकुरायला लागलीय."

"इथे काम करताना मनात काय येतं?"

या प्रश्नानंतर मी बोलत नाही. अशी शांतता बहुतेकांना पंधरा सेकंदांहून जास्त सोसत नाही. त्या नवव्या सेकंदाला रडल्या. मी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"मॅडम, एवढं आपुलकीनं कुणी विचारत नाही हो," त्यांनी माझा हात धरला. "जो तो सांगतो, नोकरी सोडू नको. माझं ऐकून कुणी घेतलंच नाही. दोन वर्षं नुसती घुटमळत होते. तुमच्याशी बोलले आणि ठरलं बघा. मी राजीनामा देते."