खिडकीकडचा स्पीकर

सेकंडहँड स्पीकर सहाच्या आत आणलेत तरच परत घेईन, असं दुकानदाराने बजावलं होतं. पाच वाजून गेले तरी खिडकीकडचा स्पीकर घसा बसल्यासारखाच वाजत होता. नवरोबांचा जीव खालीवर. वायरी पुन्हा सोलल्या, लाल-काळी टोकं तपासली, शेवटी स्पीकरच अदलाबदल केले. दाराकडचा खिडकीकडे आला आणि त्याचाही घसा बसला!

"अहो, दोन्ही खणखणीत वाजतायत," बायको तिसऱ्यांदा म्हणाली.

"तू कान तपासून घे तुझे. त्या लबाडाने चुना लावलाय मला!"

बायकोने त्यांना दाबून फिरत्या खुर्चीत बसवलं आणि गर्रकन उलट्या भिंतीकडे वळवलं. "आता सांगा."

"अगं, आता खिडकीकडचा सुटला... आणि दाराकडचा बसला!"

बोलता बोलता त्यांचा हात आपोआप डाव्या कानावर गेला.

बायको उजव्या कानाशी वाकली. "आणि मी दोन वर्षं समजतेय, लाईट बंद केला की हा माणूस झोपेचं सोंग घेतो! आजपासून पलंगावर मी या बाजूला. बरंच सांगायचं साठलंय."