डेल्मरचा निकाल

"तुझ्या शपथा मला पाठ झाल्यात," व्हर्नी नवऱ्याला म्हणाली. "आज दवाखान्यातली चाचणी काय सांगते तेच खरं. खोटा ठरलास, तर मी चालले बहिणीकडे."

गाडीत मागे तिची बॅग भरून ठेवलेली होती.

"संध्याकाळी राजमा आणि मक्याचा पाव करशील ना?" डेल्मरने विचारलं.

"आधी पास हो, मग बघू."

वाटेत शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या कचेरीपाशी, जिथे लोक उरलीसुरली औषधं पेटीत टाकायला येत, त्याने गाडी थांबवली. आत जाताना त्याच्या कोटाचा खिसा खुळखुळत होता, येताना नव्हता. व्हर्नी फुरंगटून समोर बघत राहिली.

खाणीचं छत पाठीवर कोसळल्यापासून हा माणूस दुखण्यावरच्या एका गोळीवर जगत होता. गोळी एक, पण तिच्यात औषधं दोन. एक अफूच्या जातीचं, दुसरं साधं तापावरचं. गेल्या हिवाळ्यात सर्दी झाली म्हणून पठ्ठ्याने वरून तापाच्याही गोळ्या घेतल्या, आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले. यकृत थोडक्यात वाचलं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, ही गोळी हळूहळू कमी करून सोडायचीच. त्यानंतर दोनदा 'सुटली' म्हणाला, आणि दोन्ही वेळा व्हर्नीला त्याच्या डब्यात गोळ्या सापडल्या. तिसऱ्यांदा कोण विश्वास ठेवणार?

गोळ्या लिहून देणाऱ्या दवाखान्यात डेल्मर लघवीची बाटली देऊन आला आणि तिच्याशेजारी बसला. तो सारखा आतल्या दाराकडे बघत होता.

"घाबरलास?"

"यंत्राचा काय भरवसा, बाई!"

तेवढ्यात नर्स ट्वायला बाहेर आली. तिचा चेहरा बघूनच व्हर्नीने पर्स उचलली.

"नापास, मिस्टर डेल्मर! डॉक्टर भयंकर चिडलेत. यादीतून तुमचं नाव काढलं. यापुढे इथून एकही गोळी मिळायची नाही."

व्हर्नी उठली. डोळे भरून आले, पण या मेल्यासमोर रडायचं नाही असं तिने ठरवलं.

"किल्ली दे," ती म्हणाली. "तू जा चालत."

डेल्मर मात्र खो खो हसत सुटला. दुखरी पाठ धरून हसत होता, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं.

"लाज वाटत नाही? हसतोस काय?"

"हसू द्या त्यांना, शेरीफसमोर उभं राहिल्यावर कळेल!" ट्वायला कडाडली. "महिन्याच्या महिन्याला गोळ्या घेऊन जाता, आणि लघवीत त्यांचा कणसुद्धा नाही! कुणाला विकल्यात?"