निळी पडलेली डिस्क

“ब्रेक मारायचा न्हाय रं पोरा, मागायचा. झोपलेल्या लेकराच्या मानेखालनं हात काढावा ना, तसा.”

लहानपणी बापाच्या ट्रकात, त्याच्या सीटशेजारच्या बॉनेटवर बसून ऐकलेला आवाज. आज पडघ्याच्या आपल्या गॅरेजात, बापाच्याच बसचं पुढचं चाक उतरवलं आणि हरेशला तो आवाज आठवला. समोरची ब्रेकची डिस्क जागोजाग निळी पडली होती. काठापासून आत केसासारख्या चिरा गेलेल्या. गणपतीतच तर त्यानं ती नवी बसवली होती.

“बाबा, ही जळलीय! दिवसभर ब्रेकवर पाय ठेवून गाडी हाकल्यावानी.”

त्याचा बाप चिंधू हायवेकडे बघत होता. “माल खोटा असंल,” म्हणाला.

असेलही. बापाच्या पायाबद्दल शंका घ्यावी, हे हरेशच्या मनाला शिवलंही नाही. तो भिवंडीला जाऊन भारी कंपनीच्या डिस्क घेऊन आला. भोकं जुळवून, जाडी मापून, दोन्ही चाकांना जोडीनं. दुपारच्या शिफ्टच्या बाया याच बसनं पूर्णा गावच्या गोदामात कामाला जाणार होत्या. त्यांत त्याची बायको रूपाही होती. त्यानं डिस्क बसते त्या हबचा गंज घासला, नव्या डिस्कवरचं कारखान्याचं तेल थिनरनं पुसून काढलं, बोल्ट समोरासमोरचे आवळले. हात धुऊन आला आणि डिस्ककडे पुन्हा न बघता घाईनं चाकं चढवली.

“बाबा, मागच्या पटांगणात एक चक्कर मारा.”

बस हळूहळू पुढे आली. हरेश समोर उभा राहून हात हलवत होता. “या… या… बस. बस! बाबा!”

बस थांबलीच नाही. त्यानं बाजूला उडी टाकली. मागं जुन्या टायरांची चवड होती, तिच्यावर बसचं तोंड धडकलं. टायर चहूकडे घरंगळले. काचेआड बापाचा चेहरा पांढराफटक.

त्याची आई ठकुबाई धावत आली. पोराला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं आणि मटकन खाली बसली.

“माझंच चुकलं रं. तू हात धुवायला गेला, तवा मी हळद-कुंकू लावलं. नवं लोखंड म्हणून बोटभर तेल बी लावलं.”

“ब्रेकला तेल? आये, डोकं हाय का ठिकाणावर? दुपारी या गाडीत बाया बसणार होत्या! रूपा बसणार होती!”

ती मान खाली घालून पदरानं डोळे पुसत राहिली. हरेशचा आवाज चढतच गेला.

“तिला नको बोलू.”

चिंधू बसच्या पायरीवर उभा होता. दांडा घट्ट धरून, आधी खाली बघून, मग एकेक पाय जमिनीवर ठेवत उतरला.

“बोटभर तेलानं गाडी थोडी सरकली असती, थांबली असती. मी ब्रेक दाबलाच न्हाय.”

“म्हणजे?”

“दाबला असं वाटलं मला.” म्हाताऱ्यानं बायकोकडे बघितलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं. “साखरेनं तळवे मेलेत, हरेश. रस्त्यावरची नजर काढून खाली बघितल्याबिगर माझा पाय कुठं हाय, ते मला कळत न्हाय.”